रविवारी पाच ते नऊ

नॉटिंगहॅम
२१ सप्टेंबर २०२५

धम्मदीप,

जय भीम. लिफाफ्याच्या बाहेरही लिहिणार होते. पण इथल्या पोस्टमनला मराठी वाचता येत नाही, मग चिडवायचं कोणाला, म्हणून सोडून दिलं.

कागदावर लिहायची वेळ तूच आणलीस. लग्नासाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढलास, आम्हा दोघींना त्यात घातलंस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं आयुष्यभराच्या सवयीनं त्यावर जय भीम टाकलं. नऊ मिनिटांत मला तुझा वेगळा मेसेज: 'ताई, आईला ते डिलीट करायला सांग ना प्लीज. श्रद्धाच्या घरचे आहेत ग्रुपवर.' आईला डिलीट करता येत नाही. तिनं फोन माझ्यापुढे धरला आणि मी माझ्या अंगठ्यानं ते पुसलं. त्यानंतर मी ग्रुप सोडला. तू तो माझा राग समजलास. राग होताच, पण त्याहून जास्त त्या अंगठ्याची लाज होती.

मग तुझा फोन. मी नाइट ड्यूटी करून आलेले, तू क्रॉयडनच्या ऑफिसात कुठल्यातरी मीटिंग रूममध्ये शिरून कुजबुजत होतास. "ताई, नाव बदलायचं डीड पोल करून टाकलंय. ऑफिशियली दीप काशीनाथ. इट्स नॉट अ बिग डील. बाबांचंच नाव लावलंय ना?" रामटेके कुठे गेलं, असं मी विचारलं, तर म्हणालास, "बाबांनीच नाही का सांगितलं, अदिस अबाबात कोणालाच आडनाव नसतं? ती चार वर्षं त्यांची बेस्ट इयर्स होती. मी तेच करतोय. झाकली मूठ सव्वा लाखाची." श्रद्धाला सांगितलंस का, विचारलं. "राइट टाइम आला की सांगेन."

आणि मग अटी. २९ नोव्हेंबरला लग्नात कोणी विचारलं, तर आम्ही दोघींनीही काशीनाथ हेच आडनाव सांगायचं. आईनं पांढरी साडी नेसायची नाही. जमत असेल तर यावं. आई सहा महिन्यांच्या व्हिसावर नागपूरहून आली ती कोणाच्या लग्नासाठी, हे तू विसरलास बहुतेक.

तुला एक मान्य करते. बाबांचा दाखला दिलास तेव्हा माझं तोंड बंद झालं. आपण दोघंही त्या गोष्टींवर वाढलो. नागपूरहून गणित शिकवायला इथिओपियात गेलेले बाबा, स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं नाव एवढ्यावर भागणारा देश, त्याच शाळेतल्या मराठी माणसानं, गोगटे सरांनी, "आडनाव काय आपलं?" विचारल्यावर बाबांचं ते उत्तर: "इथं आडनाव नसतं, सर." मग गोगटे सरांचं हसणं, दर रविवारचं दुपारच्या जेवणाचं बोलावणं, गोगटेकाकूंच्या हातच्या पुरणपोळ्या. बाबा ही गोष्ट अशी सांगायचे, जणू दीक्षाभूमीवरून परत आलेत.

त्यांची वही माझ्याकडे आहे. 'अदिस अबाबा: वाटाड्याशिवाय पायी फेरी.' सतरा थांबे, प्रत्येकाखाली सूचना, वर ठळक अक्षरात 'रविवार, ५ ते ९'. संध्याकाळी जेवणाआधी बाबा शहर पालथं घालायचे म्हणून आपल्याला केवढं कौतुक. 'बेकरीच्या बाजूने जाऊ नये' हे वाचून आपण हसायचो, बाबांना गोडाचा मोह म्हणून.

मी पुढच्या महिन्यात तिकडे जातेय. वही घेऊन, एकटी. तुझं खरं असेल, ते शहर त्यांना खरंच मोकळं वाटलं असेल, तर मी परत येऊन तुझ्या अटीवर लग्नाला येईन आणि आईलाही आणीन. नसेल तर बघू.

शीला

&nbsp;

नॉटिंगहॅम
२६ ऑक्टोबर

धम्मदीप,

पोचले, फिरले, परत आले. आज इथली घड्याळं एक तास मागे गेली, त्यामुळे मला लिहायला एक तास फुकटचा मिळालाय. तो तुझ्यावर घालवते.

अदिस उंचावर आहे. पहिल्या दिवशी चढावर धाप लागली आणि वही उघडली, तर पहिल्याच थांब्याखाली: 'येथे दम खावा. लाज वाटू देऊ नये, सर्वांना लागतो.' अरात किलोच्या चौकातून सुरुवात. तिथून पियासाकडे. पियासाचा बराचसा भाग पाडून रुंद रस्ते केलेत, झाडं लावलीत, इतके फूटपाथ की लंडनला लाज वाटावी. बाबांचे थांबे चार ते सात कुठेच नाहीत. मी आपली मोकळ्या जागेसमोर वही धरून उभी. एक पोरगी आली, म्हणाली, "कॅन आय हेल्प?" मी म्हटलं, मला एक्केचाळीस वर्षांपूर्वीचं सोनाराचं दुकान हवंय. ती हसली, मीही हसले. तिनं नाव विचारलं. मी धम्मशीला म्हटलं. वडिलांचं? काशीनाथ. झालं. तिनं ते दोन्ही नीट म्हणून दाखवलं आणि गेली. मी पाच दिवसांत बारा जणांना नाव सांगितलं असेल. एकानंही ते ऐकून क्षणभर थांबून माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. ते क्षणभर थांबणं काय असतं, तुला माहीत आहे. मँचेस्टरच्या गणपतीत, लेस्टरच्या किराणा दुकानात, आपलं माणूस भेटलं म्हणून आनंद होतो आणि पुढचा प्रश्न येतो. तो तिथे आला नाही. अंगावरचा कोट काढून ठेवल्यासारखं वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

मग गिओर्गिसचं अष्टकोनी चर्च ('सावलीत वीस मिनिटे. कोणी उठवत नाही'), चर्चिल रस्त्याचा लांब उतार, मोठं पोस्ट ('पायऱ्यांवर बसता येते'), आणि शेवटी जुन्या रेल्वे स्टेशनसमोरचा सिंहाचा पुतळा ('सिंह दहा मिनिटे पाहावा. मग पाणी प्यावे, नळ डावीकडे'). नळ आता नाही. सिंह आहे. मी दहा मिनिटं पाहिला.

बाबांच्या घरमालकिणीची मुलगी अल्माझ, जिचं नव्या वर्षाचं कार्ड बाबा जाईपर्यंत येत राहिलं, ती भेटली. पंचावन्नची आहे, अरात किलोच्या मागे छोटं कॉफीचं दुकान चालवते. तिनं शिरो खाऊ घातलं. बेसनाचं, अगदी आपलं पिठलं, फक्त जास्त तिखट. बाबांबद्दल चांगलं बोलली.

तर तू जिंकलास असं धर. आम्ही येऊ. आईला साडी कुठल्या रंगाची हवी ते कळव.

शीला

&nbsp;

नॉटिंगहॅम
९ नोव्हेंबर

धम्मदीप,

तुझा मेसेज आला. 'थँक्स ताई, आय न्यू बाबांचं शहर तुला बदलणार.' खाली मोरपंखी साडीचा फोटो. तो पाहिल्यापासून माझ्या अंगाचा तिळपापड होतोय, आणि चूक माझीच आहे. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं नाही, निम्मं लिहिलं. बाबांची एक गोष्ट झाकायची होती. ती झाकायला मी तुला जिंकू दिलं. आता पुढचं वाच.

अल्माझनं मला शनिवारी दोन वाजता बोलावलं होतं. मी दोनला पोचले, तर बाई रुसून बसलेली. सकाळपासून वाट पाहत होती म्हणे, कॉफी तीनदा केली. मग तिच्या मुलीनं उलगडलं. तिकडचं घड्याळ सूर्य उगवला की सुरू होतं. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. त्यांचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ. आम्ही तिघी हसलो. हसता हसता मी वही उघडली आणि थांबले.

रविवार, पाच ते नऊ. म्हणजे सकाळी अकरा ते दुपारी तीन.

संध्याकाळ नाही. बाबा जेवणाच्या वेळी फिरत होते. दर रविवारी, ज्या वेळी ते गोगट्यांच्या घरी पाटावर बसलेले असायला हवे होते, त्या वेळी.

अल्माझला विचारलं. ती तेव्हा बारा वर्षांची होती. तिनं जे सांगितलं ते तसंच लिहिते. शाळेतल्या सगळ्या भारतीय मास्तरांचं टपाल एकाच पेटीत यायचं, आणि ते आणून घरोघरी वाटायचं काम गोगटे सरांकडे होतं. ते यायचे, आत बसायचे, कॉफी प्यायचे. एके दिवशी आले ते फाटकाच्या बाहेरच थांबले. भारतातून आलेलं एक उघडं कार्ड दोन बोटांत धरून त्यांनी तिच्या आईच्या हातात दिलं आणि गेले. पुन्हा कधी आले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून टपाल शाळेच्या शिपायाबरोबर येऊ लागलं.

पुढच्या रविवारी बाबांनी नेहमीसारखा कोट घातला, पाचला निघाले, नऊला परतले. अल्माझच्या आईला म्हणाले, पोट भरलंय. अल्माझनं त्या दुपारी त्यांना पोस्टाच्या पायऱ्यांवर बसलेलं पाहिलं होतं. तिनं आईला सांगितलं, आईनं तिला गप्प केलं. पण त्या रविवारपासून ती बाई तीन वाजता शिरो आणि इंजेरा, तिकडची आंबवलेली भाकरी, पुढे ठेवू लागली. बाबा म्हणायचे, चवीपुरतं घेतो. तीन-तीन इंजेरा खायचे.

एक रविवार नाही. अडीच वर्षं. हॉटेलात का जात नव्हते? मला वाटतं, शाळेतल्या कोणी पाहिलं असतं आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कळलं असतं की यांना आता जायला घर नाही. म्हणून शहर पाठ केलं. कुठे बसलं की कोणी उठवत नाही, कुठे पाणी आहे, कुठल्या बाजूला बेकरीचा वास येतो. आपण ज्याला सहल समजत होतो, ते उपाशी माणसानं स्वतःसाठी केलेलं टिपण होतं. कौतुकानं आपण त्याच्या झेरॉक्स काढून पाहुण्यांना वाटल्या.

अजून आहे. निघताना अल्माझनं मला विचारलं, "तुझ्या वडिलांनी इंडियात काय गुन्हा केला होता?" मी म्हटलं, गुन्हा? ती म्हणाली, बाबांनी तिच्या आईला मोडक्यातोडक्या भाषेत एवढंच सांगितलं होतं, की त्या कार्डावरून त्या लोकांना माझं घराणं कळलं. तिच्या आईनं अर्थ लावला, की हा माणूस चांगला आहे पण मागे काहीतरी करून पळून आलाय. ती बाई मरेपर्यंत दर वर्षी गिओर्गिसला जाऊन बाबांच्या नावानं मेणबत्ती लावायची, गुन्हा माफ व्हावा म्हणून. मी अल्माझला इंग्रजीत सगळं समजावलं. जात म्हणजे काय, जन्म म्हणजे काय. पाऊण तास. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण त्यानं केलं काय होतं?"

तर तुझ्या सव्वा लाखाच्या मुठीचं हे असं झालं होतं. बाबांनी खोटं आडनाव लावलं नव्हतं, फक्त सांगितलं नव्हतं. एक हसरं उत्तर देऊन दीड वर्ष पुरणपोळी खाल्ली, आणि एका कार्डानं मूठ उघडली. तू तर कोर्टाचा कागद केलायस. तुझं कार्ड कोण आणील, मला माहीत नाही. नागपूरचा एखादा मामा, एखादा जुना वर्गमित्र, लिंक्डइनवरचा कोणी. येणार हे नक्की. आणि तेव्हा श्रद्धा तुझ्या बाजूला उभी राहील की तिच्या वडिलांच्या, मुरलीधररावांच्या, हे तुला आज माहीत नाही, कारण तू तिला विचारलेलंच नाहीस. चांगली असेल रे ती. गोगटेकाकूही चांगल्या असतील. बाबांनी त्यांना कधी ठरवायला दिलंच नाही, ठरवलं ते गोगटे सरांनी, फाटकाबाहेर.

तिला लग्नाआधी सांग. एवढं केलंस तर मी मोरपंखीच काय, म्हणशील ती साडी नेसून येते.

आणि एक. ते कार्ड आईचं होतं. दुसरं कोण लिहिणार, तेही वर सवयीनं जय भीम घालून? तिला यातलं काही माहीत नाही आणि कळताही कामा नये. आपल्या एका कार्डानं नवरा अडीच वर्षं रविवारी उपाशी हिंडला, हे या वयात तिला कशाला. मी तुला लपवू नको म्हणते आणि स्वतः लपवते, हे मला दिसतंय. तू बोलून दाखवू नकोस.

शीला

&nbsp;

नॉटिंगहॅम
२० नोव्हेंबर

धम्मदीप,

तू आईला सांगितलंस.

मी ड्यूटीवर असताना तिला फोन केलास. मला उत्तर द्यायची हिंमत नव्हती, तर जी कमजोर वाटली तिच्याकडे गेलास. तुझं वाक्य तिनं मला जसंच्या तसं ऐकवलं: "आई, तुझ्या त्या एका जय भीमनं बाबांचं जेवण तोडलं. आता माझं लग्न मोडू नकोस." बापाची उपासमार तू वापरलीस. मी तुला लहानपणी पाठीवर घेऊन कॉलनीत फिरवलंय, त्या पाठीला आज किळस आली. हे लिहायचं नव्हतं. लिहिलं.

मी घरी आले तेव्हा आई किचनमध्ये मेथी निवडत होती. सगळी निवडून झाल्यावर बोलली. तिच्याच शब्दांत लिहिते, कारण तुला ते नीट ऐकायला हवेत.

"चुकून नाही लिहलं मी. त्याईनं मले पत्र लिवलं होतं, का कार्डावर वरतं जय भीम नोको लिहू, इथं सर लोकं टपाल आणते, उघडं रायते. मले लय लागलं. सासूच्या, नणंदांच्या समोर वाचलं होतं मी ते पत्र. मंग मीनं मुद्दाम कार्डच घेतलं. मोठ्या अक्षरात लिहलं. खाली पूर्ण नाव लिहलं, चंदाबाई काशीनाथ रामटेके, वस्तीचं नाव बी लिहलं. म्हटलं, पाहू दे सर लोकाईले."

मी विचारलं, मग बाबांनी काय लिहिलं? म्हणाली, "काहीच नाही. पुढच्या पत्रात गोगटेबाईच्या हातच्या अळूच्या भाजीचं वर्णन. पानभर. त्याच्यानंतर दर पत्रात जेवण. श्रीखंड, अळूवड्या, मसालेभात. मी एकदा विचारलं बी, का तिकडं अळू कुठं मिळते? त्याचं उत्तर नाही आलं."

ती ती पत्रं नागपूरला ट्रंकेत ठेवून आलीय. अडीच वर्षं न जेवलेल्या जेवणाची पत्रं. बाबा तिला दोष देऊ शकले असते. त्यांनी तिच्यासाठी एक ताट रचलं आणि दर महिन्याला त्यात एक पदार्थ वाढत राहिले. हे प्रेम होतं की तिच्यावरचा सूड, मला कळत नाही. आईलाही कळत नाही. ती कालपासून जेवलेली नाही. मी खूप रागावले तर म्हणाली, "एक दिवस मी बी फिरून पाहते."

"पस्तावलीस का?" मी विचारलं. "ते उपाशी रायले याचं वाईट वाटते. मले सांगतलं असतं तं मी रडली असती. पण कार्ड मी पुन्हा तेच लिहलं असतं."

आता तिचा निरोप. मी फक्त लिहून घेतलाय, माझं एक अक्षर नाही.

ती येणार आहे. पांढरीच साडी नेसणार आहे. आपणहून कोणाला काही सांगणार नाही, पण कोणी आडनाव विचारलं तर जे आहे ते सांगेल. त्याआधी श्रद्धाला तू सांगायचंस, तुझ्या तोंडानं. उद्या, परवा, तुझ्या सोयीनं, पण २९ च्या आत.

त्या दिवशी सकाळी आम्ही नॉटिंगहॅमहून सेंट पँक्रसला येऊ आणि तिथून खालच्या प्लॅटफॉर्मवरची ट्रेन धरू. ती साडेदहाच्या सुमारास ईस्ट क्रॉयडनला थांबते. तू प्लॅटफॉर्मवर यायचंस, आणि श्रद्धाला सोबत आणायचंस. सगळं कळल्यावरही ती आली, तर आई उतरून आधी तिच्या गळ्यात पडेल, मग तुझ्याकडे बघेल.

मी आईला विचारलं, तो एकटाच उभा असला तर?

"तं उतरायचं नाही," ती म्हणाली. "खिडकीतून पाहून घेऊ त्याले, सूटाबुटात. ते गाडी पुढे कुठं जाते?"

ब्रायटनला, म्हटलं. समुद्र आहे तिथे.

"समुद्र मी चैत्यभूमीलेच पाहला," आई म्हणाली. "इथला बी पाहून येऊ. डबा बांधून घेजो दोघींचा."

शीला